डॉक्टरांच्या दारावरची पाटी



वसंत व्याख्यानमालेत वक्त्याने साहित्य, इतिहास किंवा तत्त्वज्ञान अशा एखाद्या भारदस्त विषयावर बोलावे, असा आपल्याकडे संकेत आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात ह्या प्रथेचा पाया घातला, तेव्हापासून तो चालत आला आहे. त्या मानाने माझा आजचा विषय फारच साधा आहे. दवाखान्याची वेबसाइट जुनी झाली म्हणजे काय होते आणि ती ताजी कशी करावी, एवढाच तो विषय. जाहीर पत्रक पाहून एका स्नेह्यांनी मला विचारले, "अहो, कामगार संघटनेच्या माणसाला ह्या गोष्टीशी काय कर्तव्य?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यातच माझे व्याख्यान संपणार आहे.

प्रथम वेबसाइट म्हणजे काय ते पाहू. तिला संकेतस्थळ असे भारदस्त नाव आहे. पण मी तिला पाटी म्हणतो. डॉक्टरांच्या दारावर पाटी असते. तिच्यावर नाव, पदवी, नोंदणी क्रमांक आणि तपासणीची वेळ लिहिलेली असते. ही पाटी दारापर्यंत गेलेल्या माणसालाच वाचता येते. वेबसाइट ही अशी पाटी आहे की ती सूर्यमाळच्या पठारावर वाचता येते, भिवंडीच्या वीटभट्टीवर वाचता येते आणि नाशिकच्या बांधकामावरही वाचता येते. हा तिचा मोठा गुण. आणि धोकाही ह्यातच आहे. दारावरची पाटी चुकीची असली तर शेजारचा दुकानदार हाक मारून सांगतो, "डॉक्टर आज नाहीत हो, ते आता गुरुवारी येतात." वेबसाइटला शेजारचा दुकानदार नसतो. तिच्यावर लिहिले असेल तेच खरे मानून माणूस घरातून निघतो.

हे वेबचे साधन निघाले कशातून, तेही पाहण्यासारखे आहे. जिनिव्हाजवळ सर्न नावाची मोठी प्रयोगशाळा आहे. तेथे जगभरचे शास्त्रज्ञ येत, साधारण दोन वर्षे काम करीत आणि निघून जात. त्यांच्याबरोबर त्यांच्या कामाची माहितीही जाई. नव्या माणसाला जुन्याने काय केले ते सापडत नसे. ही अडचण दूर करावी म्हणून टिम बर्नर्स-ली ह्या गृहस्थांनी १९८९ च्या मार्च महिन्यात एक टिपण लिहिले आणि १९९१ मध्ये वेब जगापुढे आले. म्हणजे माणसे बदलली तरी माहिती हरवू नये, ह्याच गरजेतून हे साधन जन्माला आले. आता आपल्या भागाकडे पाहा. डॉक्टर येतात, बदलीवर जातात, नवे येतात. सर्नची जी अडचण होती तीच मोखाडे तालुक्याची आहे. असे असता ह्या साधनावर गेलेल्या डॉक्टरांचे नाव वर्षानुवर्षे राहावे, ही केवढी उफराटी गोष्ट!

आता त्या स्नेह्यांच्या प्रश्नाकडे वळतो. कामगार चळवळीत आमची अर्धी भांडणे पाटीवरून होत असत. कारखान्याच्या फाटकावर नोटिसांचा फळा असतो. कोणत्या वेळी पाळी सुरू होणार, सुटी केव्हा, पगार कोणत्या तारखेला, हे सारे तेथे लागावयाचे. मालकाने फळा मनास येईल तसा वापरू नये म्हणून कायदे झाले. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याने सांगितले, की नियम इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेत, प्रवेशद्वारापाशी, खास फळ्यावर लावावेत. १९४८ च्या कारखाने कायद्याने आणखी एक अट घातली : नोटीस स्वच्छ आणि वाचता येईल अशा स्थितीत ठेवली पाहिजे. हे दोन्ही कायदे आता नव्या संहितांत सामावले गेले आहेत. पण त्यांतील शहाणपण पाहा. पाटी दर्शनी जागी हवी, लोकांच्या भाषेत हवी, वाचता येईल अशी हवी. वेबसाइट कशी असावी हे सांगणारे लोक आज मोठमोठी पुस्तके लिहितात. त्यांतले निम्मे ह्या तीन अटींत येऊन जाते. मी स्वतः वाचावयास शिकलो तो अशा नोटिसांवरच. फळ्यावर लिहिलेल्या ओळीने गरिबाचा दिवस घडतो किंवा बिघडतो, हे मला तेव्हापासून ठाऊक आहे.

दिवस बिघडतो म्हणजे काय, ते उदाहरणाने सांगतो. आमच्या कामात पाहिलेली गोष्ट आहे. दवाखान्याचे नाव घेण्याचे कारण नाही. दिवाळीनंतर आपल्याकडची कितीतरी कुटुंबे उचल घेऊन भट्ट्यांवर जातात, हे तुम्हांला मी सांगावयास नको. अशाच एका कुटुंबातील मुलाचा कान वाहू लागला. भट्टीवरच्या एका पोराने मोबाइलवर पाहून सांगितले, की शहरातील एका दवाखान्यात कानाचे डॉक्टर दर मंगळवारी दुपारी बसतात. मंगळवारी नवराबायको काम सोडून, मुलाला घेऊन, दोन गाड्या बदलून तेथे गेली. ते डॉक्टर तेथे येईनासे होऊन दोन वर्षे झाली होती. भट्टीवर मजुरी विटांच्या हजारावर मिळते. वीट पडली नाही तर पैसा नाही. दोन माणसांची दिवसाची कमाई गेली, गाडीभाडे गेले, आणि मुकादमाची बोलणी खावी लागली ती वेगळीच. पण खरी हानी पुढे झाली. ती माय पुन्हा महिनाभर डॉक्टरांचे नाव काढीना. "जाऊन काय करायचं, तिथं कोणी नसतंच," असे ती म्हणे. त्या महिन्यात मुलाचा कान अधिक बिघडला आणि त्याला कमी ऐकू येऊ लागले.

ह्यात कोणी लबाडी केली काय? नाही. मंगळवार ही गोष्ट एके काळी खरी होती. कोणी तरी उत्साहाने ती लिहिली आणि नंतर पुसावयास कोणी गेले नाही. म्हणून माझे म्हणणे असे आहे, की जुनी वेबसाइट ही नसलेल्या वेबसाइटपेक्षा वाईट. पाटीच नसेल तर माणूस चौकशी करतो, चार जणांना विचारतो. पाटी असेल तर तो विश्वास ठेवतो, आणि त्या विश्वासाची किंमत आपल्या मजुरीतून देतो. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरलेली होती. दवाखान्याच्या चुकीच्या एका ओळीने दोन माणसांचा खाडा झाला म्हणजे सहाशे चोवीस रुपये गेले. हा दंड चुकीची ओळ ठेवणाऱ्याला होत नाही, वाचणाऱ्याला होतो. येथेच ही गोष्ट माझ्या, म्हणजे मजुरांच्या संघटनेच्या, हद्दीत येते.

खोडाळ्यासारख्या गावी तर ही चूक आणखी महाग पडते, कारण येथून वाटा फुटतात. आपले प्राथमिक आरोग्य केंद्र गावात आहे. त्यापुढे मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय, जव्हारचे पतंगशहा कुटीर रुग्णालय, एका अंगाला नाशिक, आणि कसाऱ्याला उतरले तर ठाणे-मुंबईची आगगाडी. जो मोखाड्याकडे निघाला त्याने नाशिकची वाट मागे टाकली. तेथे हवे ते डॉक्टर किंवा औषध नाही असे कळले, तर त्याला घाटातली वळणे पुन्हा मोजावी लागतात. शहरात एक दवाखाना बंद असला तर माणूस रस्ता ओलांडून दुसऱ्यात जातो. आपल्याकडे रस्ता ओलांडला तर जंगल लागते.

आता माहिती जुनी होते म्हणजे नेमके काय काय जुने होते? काही गोष्टी तुमच्या-माझ्या डोळ्यांदेखत बदललेल्या आहेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला. त्या दिवसापासून आपली जिल्हा परिषद, आपले जिल्हा आरोग्य अधिकारी आणि तक्रारीचा पत्ता पालघरला गेला. ज्या पानावर अद्याप 'तालुका मोखाडा, जिल्हा ठाणे' असे लिहिलेले राहील, ते वाचून केलेला अर्ज ठाण्याला जाईल. दुसरे उदाहरण सरकारी योजनेचे. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना निघाली. २०१७ मध्ये तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाले. पुढे केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी तिची सांगड घालण्यात आली. आणि २०२३ च्या शासननिर्णयाने दीड लाखांची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांवर नेली. जुन्या पानावर दीड लाख वाचून एखादा गृहस्थ मोठी शस्त्रक्रिया आपल्या आवाक्याबाहेरची समजेल आणि सावकाराच्या दाराशी जाईल. तिसरे उदाहरण केसपेपरचे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत व आरोग्य केंद्रांत तपासणी आणि उपचार निःशुल्क करण्यात आले. त्यापूर्वीचे दरपत्रक कोठे टांगलेले राहिले असेल, तर ते वाचून कोणी तरी पैसे जमेपर्यंत घरी थांबेल. चौथे उदाहरण कारखान्यातल्या भावांसाठी : राज्य विम्याची, म्हणजे ई.एस.आय.ची, पगारमर्यादा १ जानेवारी २०१७ पासून पंधरा हजारांवरून एकवीस हजारांवर गेली. अठरा हजार पगाराच्या कामगाराने जुने पान वाचले तर तो आपला हक्क स्वतःच सोडून देईल. गंमत अशी, की ह्या चारही ठिकाणी कायदा पुढे गेला आणि पाटी मागे राहिली. आणि लोकांच्या हाती कायद्यापेक्षा पाटीच आधी पडते.

डॉक्टरमंडळींचा एक आक्षेप मी पुष्कळदा ऐकला आहे. ते म्हणतात, "आम्हांला जाहिरात करण्याची मनाई आहे, वेबसाइट फार सजवली तर वैद्यक परिषद विचारील." आक्षेप अगदीच खोटा नाही. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम जाहिरातीला मना करतात. पण तेच नियम डॉक्टरांना काही गोष्टी वृत्तपत्रातून जाहीर करण्याची मोकळीक देतात. त्या गोष्टी कोणत्या? व्यवसाय सुरू करणे, व्यवसायाचा प्रकार बदलणे, पत्ता बदलणे, काही काळ गैरहजर राहणे, पुन्हा कामावर येणे, दुसऱ्याचा दवाखाना चालविण्यास घेणे, आणि आपली फी सांगणे. ही यादी नीट ऐका. फी सोडली तर तिच्यातले प्रत्येक कलम बदलाविषयी आहे. कोठे गेलो, केव्हा नाही, केव्हा परत येणार, हे रुग्णाला सांगा, असेच जणू ते नियम सुचवितात. म्हणजे ज्या ओळी डॉक्टरांना निर्धास्तपणे लिहिता येतात, त्याच ओळी आपल्या वेबसाइटांवर सर्वांत शिळ्या असतात. आणि 'शंभर टक्के गुण', 'हमखास इलाज' अशी जी वाक्ये लिहू नयेत, ती मात्र ठळक अक्षरांत झळकतात. असाध्य रोगांवर चमत्कारी उपायांची जाहिरात करण्याविरुद्ध तर १९५४ पासून स्वतंत्र कायदा आहे. तेव्हा वेबसाइट ताजी करावयास बसलेल्या डॉक्टरसाहेबांनी आधी हातात झाडू घ्यावा. आत्मस्तुती झाडावी, बऱ्या झालेल्या रुग्णांचे फोटो झाडावेत. त्या गरिबाला आपले तोंड कोठे छापले आहे हे पुष्कळदा ठाऊकही नसते.

झाडलोट झाल्यावर लिहावे काय? माझ्या मते पाच गोष्टी पुरेत.

पहिली, कोण आणि केव्हा. आज, ह्या आठवड्यात, कोणते डॉक्टर कोणत्या वारी, कोणत्या वेळी बसतात. 'बाह्यरुग्ण विभाग' असे न लिहिता 'तपासणीची वेळ' लिहावे. 'बालरोगतज्ज्ञ' न लिहिता 'लहान मुलांचे डॉक्टर' लिहावे. आपल्याकडे घरात वारली, कातकरी, ठाकरी, कोकणी बोलणारी माणसे आहेत. शाळेतली मराठीच त्यांना दुसरी भाषा वाटते, मग सरकारी मराठी कशी कळावी?

दुसरी, पैसे किती. खासगी रुग्णालयांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागी लावावी, असे बंधन महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनी घातलेले आहे. जे भिंतीवर लावलेच पाहिजे ते वेबसाइटवर ठेवण्यात संकोच कशाचा?

तिसरी, कोठे. एस.टी. स्थानकापासून कसे यावे आणि कोणत्या दूरध्वनीवर विचारावे. तो दूरध्वनी कोणी तरी उचलणारा असावा.

चौथी गोष्ट सर्वांत मोलाची आणि सर्वांत दुर्मिळ : आमच्याकडे काय नाही. पावसाळ्यात आपल्याकडे साप चावतो. ज्या दवाखान्यात सर्पदंशावरचे औषध ठेवलेले नाही, त्याने तसे स्पष्ट लिहावे आणि रुग्णाला थेट कोठे न्यावे तेही लिहावे. 'आमच्याकडे नाही' ह्या ओळीने डॉक्टरांचा मान कमी होत नाही. अडलेल्या माणसाचा एक तास वाचतो, आणि सर्पदंशात एक तास म्हणजे काय हे येथे बसलेल्या कोणालाही विचारा.

पाचवी, ही माहिती कोणी व कोणत्या तारखेला तपासली. तारीख नसलेली माहिती म्हणजे तारीख नसलेले हजेरीपत्रक.

आता थोडे यंत्राविषयी. जुन्या मराठी वेबसाइटांची अक्षरे निरनिराळ्या टंकांत बसवलेली असत. तो टंक ज्याच्या यंत्रात नाही त्याला मराठीऐवजी भलतीच चिन्हे दिसत. युनिकोड ही सर्वांची समान पद्धत आल्यावर ती अडचण सुटली. जुनी पाने तिच्यात पुन्हा लिहून घेतली पाहिजेत. काही वेबसाइटा फ्लॅश नावाच्या साधनावर चालत; ते साधन २०२० च्या डिसेंबरअखेर बंद झाले आणि त्यांच्या जागी रिकामी चौकट राहिली. काही ठिकाणी वेळापत्रकाचे छायाचित्र काढून चिकटवतात. आपल्या डोंगरात जेथे मोबाइलला धाप लागते तेथे ते उघडतच नाही. साधी अक्षरे लवकर येतात. 'नाव नोंदवा' म्हणून रकाने असतात. भरलेला कागद कोणाकडे जातो ह्याचा पत्ता नसतो. असे रकाने कोणी वाचणार नसेल तर काढून टाकावेत. रुग्णाच्या आजाराची माहिती बेवारशी पडू देऊ नये. आणि वेबसाइटच्या नावाचे वार्षिक भाडे वेळेवर भरावे. ते चुकले तर नाव दुसरा कोणी घेतो, आणि डॉक्टरांच्या नावाखाली जुगाराचे दुकान उघडते.

हे सारे करण्यास फार पैसा लागत नाही. लागते ते एक नेमलेले माणूस आणि एक नेमलेला दिवस. महिन्याच्या एक तारखेला कंपाउंडरने किंवा दवाखान्यातल्या ताईंनी पान उघडावे, पाच गोष्टी मोठ्याने वाचाव्यात, चुकले ते दुरुस्त करावे, तारीख टाकावी. कारागिराने करून दिलेली वेबसाइट त्याच्याशिवाय बदलता येत नसेल, तर तिचा उपयोग नाही. किल्ली दवाखान्यात हवी.

कोणी म्हणेल, वेबसाइट सुधारून काय होणार? २०२५ च्या जून महिन्यात ह्याच तालुक्यातील एका गरोदर बाईला वेळेवर रुग्णवाहिका मिळाली नाही, खोडाळा, मोखाडा आणि नाशिक असा प्रवास तिला घडला आणि बाळ दगावले, हे वृत्तपत्रांत आले. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीला १९९२-९३ मध्ये मुले गेली, तेव्हा तर वेब आपल्याकडे पोहोचलेही नव्हते. मला मान्य आहे. माहितीने गाडी येत नाही, डॉक्टर येत नाहीत, कुपोषण जात नाही. त्यांसाठी लढाच करावा लागतो आणि आपण तो करीत आलो आहोत. पण लढ्यालाही खरी माहिती लागते. 'डॉक्टर आहेत' असे पान सांगत असता दवाखाना रिकामा असेल, तर कागदावर आपले दुःख नाहीसे होते. रिकामी जागा रिकामी म्हणून लिहिली गेली, तरच ती भरण्याची मागणी करता येते. शिळी माहिती केवळ रुग्णाला फसवत नाही, ती सरकारलाही झोपू देते.

शेवटी आपले कर्तव्य. सरकारी आरोग्य केंद्राची माहिती ताजी ठेवणे ही कोणाची मेहेरबानी नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम सांगते, की प्रत्येक सार्वजनिक कार्यालयाने आपली माहिती कोणी न मागता प्रसिद्ध करावी आणि दर वर्षी ती अद्ययावत करावी. ती स्थानिक भाषेत, त्या भागात पोहोचेल अशा रीतीने द्यावी. त्यात सूचनाफलक येतो, वृत्तपत्र येते, दवंडीसारखी जाहीर घोषणा येते आणि इंटरनेटही येते. ग्रामसभेत आपण रस्ता आणि पाणी मागतो; आता एक ओळ आणखी मागावी : आरोग्य केंद्राच्या पाटीवरची तारीख कोणती? खासगी डॉक्टरांना आपण हुकूम करू शकत नाही. पण मोबाइल असलेल्या आपल्या पोरांनी परिसरातल्या दवाखान्यांची पाने वाचून पाहावीत, चूक आढळली तर आशाताईंना बरोबर घेऊन डॉक्टरांना नम्रपणे सांगावी. ज्यांनी ती दुरुस्त केली त्यांचे आभार मानावेत; ज्यांनी केली नाही त्यांना पुढच्या महिन्यात पुन्हा सांगावे. फाटकावरच्या फळ्याबद्दल आम्ही मालकाशी हेच करीत आलो. फळा एका दिवसात सुधारला नाही, पण रोज कोणी तरी वाचतो आहे हे कळल्यावर मालकालाही खोटे टांगण्याचा धीर होईना.

आज ह्या सभेत कितीतरी जागा रिकाम्या आहेत. त्या जागांची माणसे अजून भट्ट्यांवर आहेत. पाऊस तोंडावर आला म्हणजे ती परततील. त्यांच्यापैकी कोणी आज रात्री आजारी मुलाच्या उशाशी बसून दुसऱ्याच्या मोबाइलवर एखाद्या डॉक्टरांची वेळ पाहत असेल. त्याला तेथे जे वाचावयास मिळेल ते खरे असावे, एवढीच ह्या व्याख्यानाची मागणी आहे.